ले. जनरल बृजमोहन कौल : वशिल्याचा वाद की रसदीचा?

घाटमाथा

बासष्टच्या भारत-चीन युद्धाचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत आटोपते. कौल नेहरूंच्या मर्जीतले होते, म्हणून आपण हरलो. मर्जीतले होते यात वाद नाही. पण मर्जीतला माणूस वर बसला म्हणून हजारो फूट उंचीवरची एक अख्खी ब्रिगेड आपोआप बुडत नाही. मधे बरंच काही घडावं लागतं. कुणीतरी हुकूम लिहिताना एक कलम गाळतो. टनांचा हिशेब मांडणाऱ्याला कुणीतरी बाजूला सारतो. नकाशावरचा ओढा किती खोल आणि वरचा डोंगर कुणाच्या ताब्यात, हे न बघता तारीख ठरवली जाते. त्या मधल्या गोष्टींवर बोलावं म्हणून हा धागा.

आधी कारकीर्द, थोडक्यात. जन्म १९१२. सँडहर्स्टहून १९३३ साली अधिकारी. सुरुवात राजपुताना रायफल्समध्ये, पण काही वर्षांतच आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये बदली, म्हणजे वाहतूक आणि पुरवठा. दुसऱ्या महायुद्धात पायदळाची पलटण त्यांनी लढवली नाही. पुढे वॉशिंग्टनला लष्करी प्रतिनिधी, एका ब्रिगेडचं नेतृत्व आणि १९५३ला कोरियात थिमय्यांच्या हाताखाली चीफ ऑफ स्टाफ. १९५६मध्ये अंबाल्याला ४ इन्फंट्री डिव्हिजन मिळाली. १९५९ला लेफ्टनंट जनरल आणि क्वार्टरमास्टर जनरल (पुरवठ्याचा प्रमुख), १९६१ला चीफ ऑफ जनरल स्टाफ (मुख्यालयात मोहिमांचं नियोजन बघणारा), ४ ऑक्टोबर १९६२ला नव्या ४ कोअरचे कमांडर. नोव्हेंबर संपण्याआधी सगळं संपलं होतं.

अंबाल्याचा काळ सहसा कुणी बघत नाही, म्हणून तिथे थोडा थांबतो. जवानांना राहायला घरं नव्हती. कौलांनी 'प्रोजेक्ट अमर' काढला आणि डिव्हिजनच्या जवानांच्याच हातून साधारण १४५० घरं काही महिन्यांत उभी केली. घरांची गरज खरी होती आणि कामाचा झपाटाही खरा होता. दिल्लीत त्यांचं नाव झालं ते इथून. पण जो जवान विटा वाहतो त्याचा गोळीबाराचा आणि रात्रीच्या हालचालींचा सराव तेवढा बुडतो. हीच ४ डिव्हिजन १९५९ला पंजाबच्या सपाटीवरून उचलून थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलमध्ये पाठवली गेली. तिथेही रस्ते आणि झोपड्या बांधण्याचं काम बऱ्याच अंशी जवानांच्याच अंगावर पडलं. सीमेवरच्या नामका चू ओढ्यावर जी ७ ब्रिगेड संपली ती याच डिव्हिजनची.

दप्तरदार

'गाळलेलं कलम' नीट सांगायला हवं, कारण माझ्या मते कौलांवरचा सगळ्यात जड आरोप तोच आहे आणि तो कागदावर आहे.

२ नोव्हेंबर १९६१च्या दिल्लीतल्या बैठकीत फॉरवर्ड पॉलिसी ठरली. लडाखमध्ये जमेल तितकं पुढे जाऊन चौक्या बसवायच्या, नेफात सीमेवर प्रत्यक्ष ताबा दाखवायचा. सरकारच्या निर्देशात तिसरा मुद्दाही होता. या चौक्यांच्या मागे, रसद पोचेल आणि प्रसंग आल्यास झटकन पुढे सरकता येईल अशा ठिकाणी, मोठी फौज ठेवण्याचा प्रयत्न करायचा. ५ डिसेंबर १९६१ला लष्करी मुख्यालयाने खालच्या कमांडना जो आदेश काढला त्यात पहिले दोन मुद्दे आले आणि हा तिसरा आलाच नाही. मुख्यालयातलं हे टेबल चीफ ऑफ जनरल स्टाफचं, म्हणजे कौलांचं. पराभवाच्या लष्करी चौकशीच्या, हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाने नेमकं यावर बोट ठेवलं आहे.

याचा अर्थ काय होतो बघा. चौकी म्हणजे वीस-पंचवीस माणसं, चारपाच दिवसांचा शिधा, एक वायरलेस सेट. मागे फौज असेल तर ती चौकी घंटेसारखी असते, वाजली की मागचे धावतात. मागे कुणीच नसेल तर ती शत्रूला डिवचते आणि स्वतः मरते. धोला चौकी अशीच. जून १९६२मध्ये आसाम रायफल्सने ती थागला डोंगरधारेच्या दक्षिणेला, नामका चू ओढ्यावर बसवली. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थागला उतरून चौकीच्या अंगावर आले. तिला सोडवायला ब्रिगेड आणायची, तर तवांगच्या पुढे चाकाचा रस्ताच नव्हता.

खेचरतळ

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो. बासष्टमधला हा भाग जो समजून घेईल त्याला बाकीचं सांगावं लागत नाही.

रसद रेल्वेने आसाममधल्या मिसामारीपर्यंत यायची. तिथून फूटहिल्स, मग बोमडिला, दिरांग, सेला आणि तवांग. हा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होता, पावसाळ्यात दरडी कोसळून दिवसेंदिवस बंद राहायचा. तवांगला गाडी थांबायची. पुढे पायवाट लुम्पूपर्यंत आणि लुम्पूहून नामका चूला जायला दोन वाटा. एक हाथुंग ला खिंडीतून, सुमारे १३,४०० फुटांवरून. दुसरी कारपो लातून, जवळजवळ १६,००० फुटांवरून.

आता ढोबळ आकडे धरू. ब्रिगेडमध्ये ३,००० माणसं. माणशी रोजचा शिधा, रॉकेल आणि किरकोळ मिळून २ किलो. झाले रोजचे ६ टन, यात गोळी एकही नाही. भारवाहू माणूस त्या चढावर २० किलो नेतो. म्हणजे रोज ३०० भारवाहू पुढे पोचायला हवेत. जाऊनयेऊन ८ दिवस धरले तर वाटेवर कायम २,४०० माणसं हवीत, आणि तीही खाणारच. तवांगच्या आसपासची सगळी मोनपा (तिथली स्थानिक जमात) गावं मिळूनही एवढी धडधाकट माणसं निघणं कठीण.

म्हणून विमानातून टाकायचं. ३३ कोअरचे कमांडर उमराव सिंग यांनी चिन्यांना हटवायचं असेल तर आधी काय लागेल याचा आकडा वर कळवला होता: ५८० टन. डाकोटा विमानात अडीच टन धरले तर २३२ फेऱ्या. टाकलेल्यातला निम्मा माल हाती लागला असं समजलं तर दुप्पट. आणि माल टाकायची जागा कुठली? सांगधर. सुमारे १४,५०० फुटांवरचा लहानसा सपाट तुकडा, बाजूंनी दऱ्या. पॅराशूट सेकंदभर उशिरा सुटलं की पेटी दरीत. सकाळी ढग नसतील तेवढाच वेळ विमान येणार. पॅराशूटच कमी पडत होती, म्हणून जुनी वापरलेली पुन्हा बांधून टाकली जात. ती उघडत नसत आणि पेटी दगडावर फुटे. जे सुरळीत पडे ते वेचायलाही माणसं लागत. जी माणसं वेचत होती ती खंदक खणत नव्हती.

याचा परिणाम एका जवानाच्या अंगावर दिसतो. खांद्याला पॉइंट ३०३ बोल्ट रायफल, पाउचमध्ये ५० गोळ्या, अंगात सुती गणवेश. हातमोजे नाहीत, बर्फाचे बूट नाहीत. खंदकावर छप्पर करायला झाडं तोडायची, तर कुऱ्हाडी आणि करवतीसुद्धा पुरेशा नव्हत्या.

उमराव सिंग यांनी हे सगळं लेखी मांडलं. त्यांना नेफाच्या जबाबदारीतून मोकळं केलं गेलं. ३३ कोअर त्यांच्याकडेच राहिली, फक्त नेफा काढून नव्या ४ कोअरला दिलं आणि ती कौलांना. पुरवठ्याच्या खात्यात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने टनांच्या हिशेबाकडे पाठ फिरवावी, याचं मला फार वाईट वाटतं. हा हिशेब इतर कुणाहीपेक्षा त्यांना अधिक चांगला कळायला हवा होता.

मेघना_स

खेचरतळ, तुमच्या हिशेबात एक रकाना राहिला: उंची.

आज सैन्यात उंचीवर जाण्याचे टप्पे ठरलेले आहेत. ९,००० ते १२,००० फूट या पहिल्या टप्प्यात ६ दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, जेवण-शौचापुरती हालचाल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश दीड ते तीन किलोमीटर. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चालणं आणि थोडी चढण, तीही अंगावर ओझं न घेता. पुढे १२,००० ते १५,००० फुटांसाठी आणखी ४ दिवस आणि त्यावर आणखी ४. एकूण १४ दिवस. हे टप्पे गाळले तर काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. आधी कोरडा खोकला, मग बसल्याजागी धाप, मग फेसाळ थुंकी. तातडीने हजारभर मीटर खाली उतरवणं आणि ऑक्सिजन हाच खरा उपाय. उशीर झाला तर धडधाकट विशीतला माणूस एका रात्रीत जातो.

आता कौलांचे दिवस मोजा. ४ ऑक्टोबरला आसाममधलं तेजपूर, कोअरचं मुख्यालय, उंची जवळजवळ समुद्रसपाटीची. ५ला हेलिकॉप्टरने लुम्पू. ७ तारखेपर्यंत हाथुंग ला ओलांडून नामका चूवर. दिल्लीतल्या खुर्चीवरून उठलेला पन्नाशीचा माणूस तीन दिवसांत १३,४०० फूट ओलांडतो. चढावर त्यांना एका दणकट भारवाह्याच्या पाठीवर बसावं लागलं. यावरून त्यांची टर उडवली जाते, ती मला मुळीच पटत नाही. त्या वेगाने वर गेलेल्या कुणाचीही हीच गत होते. १७ ऑक्टोबरला ते आजारी पडले आणि १८ला त्यांना दिल्लीला हलवावं लागलं, हेही त्या धावपळीशी जुळतं.

चूक वेगळी आहे. स्वतःचं शरीर काय सांगतंय हे कळत असतानाच त्यांनी २ राजपूत आणि १/९ गोरखा या दोन पलटणी तशाच, सुती कपड्यांत, कारपो लाच्या वाटेने सांगधरकडे लावल्या. १६,००० फूट, चौदा दिवसांच्या जागी दोन-तीन दिवस. लढाईआधीच त्या वाटेवर आणि सांगधरवर माणसं थंडीने आणि फुप्फुसाच्या त्रासाने गेली.

उंचीवरच्या आजारांवर मोठा अभ्यास पुढच्या वर्षांत भारतीय लष्करी डॉक्टरांनीच केला. १९६९ला छापून आलेल्या त्यांच्या एकाच शोधनिबंधात १,९२५ जवानांच्या नोंदी आहेत. वरचे टप्पे ठरले त्यामागे हे सगळं आहे.

पाऊलवाट

सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण कौलांच्या बाजूचंही कुणीतरी मांडायला हवं.

पहिली गोष्ट, चिन्यांना थागलावरून हुसकावण्याचा निर्णय कौलांचा नव्हता. तो सप्टेंबरमध्ये झाला तेव्हा ते काश्मीरला रजेवर होते. २२ सप्टेंबरला लष्करप्रमुख थापर यांनी लेखी हुकूम मागितला आणि संरक्षण खात्याच्या सहसचिवाच्या सहीने तो मिळाला. कौल आले ते ठरलेल्या कामावर.

दुसरी, त्या साखळीतला डिव्हिजनच्या वरचा एकही अधिकारी नामका चूवर पायी गेला नव्हता. कौल गेले. १० ऑक्टोबरला ओढ्यापलीकडच्या त्सेंग जाँगवर ९ पंजाबच्या पन्नासेक जवानांवर चिन्यांनी शेकडो माणसांनिशी हल्ला केला, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्याच क्षणी हे आपल्याला झेपणारं नाही हे त्यांना कळलं. ते लगेच दिल्लीला निघाले आणि ११च्या रात्री पंतप्रधानांच्या घरी जाऊन परिस्थिती सांगितली. हल्ल्याचा बेत बारगळला तो त्यामुळे. दुसऱ्या दिवशी श्रीलंकेला निघताना नेहरू पत्रकारांना आपला भाग मोकळा करण्याच्या आदेशाबद्दल बोलले. त्याचं खापर कौलांवर कसं फोडणार?

तिसरी, थापर, पूर्व कमांडचे एल. पी. सेन, डिव्हिजनचे निरंजन प्रसाद, यांच्यापैकी किती जणांनी ठाम नकार दिला? फक्त उमराव सिंग. एकाच माणसाला खलनायक केलं की बाकीच्यांची सुटका होते.

घाटमाथा

पाऊलवाट, तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे आणि पहिला तर पूर्ण मान्य. दुसऱ्यावर मात्र पुढचे नऊ दिवस बघायला हवेत.

११च्या रात्री तीन पर्याय समोर होते: हल्ला, आहे तिथे थांबणं, किंवा मागे चांगल्या जागी येणं. पहिला रद्द झाला, दुसरा स्वीकारला गेला. नामका चूचा ओढा खोलात आहे आणि उत्तरेचा थागला अख्खा त्याच्यावर ओणवा. चिनी वरून प्रत्येक खंदक, प्रत्येक चुलीचा धूर मोजू शकत होते. आपली ब्रिगेड ओढ्याकाठच्या ओंडक्यांच्या पुलांवर, १ ते ५ नंबर आणि शिवाय लॉग ब्रिज, टेम्पररी ब्रिज, अशी मैलोन् मैल विखुरलेली. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कुमक न्यायला दिवस मोडायचा. ऑक्टोबरमध्ये ओढ्याचं पाणी उतरतं, मग पुलाची गरजच राहत नाही. चिन्यांनी रात्रीतून पुलांच्या मधूनच ओढा ओलांडला आणि पहाटेपर्यंत ते आपल्या पाठीमागे होते.

त्या रात्रीच्या बैठकीत हे सगळं डोळ्यांनी पाहून आलेला एकच वरिष्ठ अधिकारी होता. 'मागे घ्या, नाहीतर माझा राजीनामा' असं म्हणण्याचं वजन त्यांच्याकडे होतं, कारण पंतप्रधानांचं दार त्यांना मध्यरात्रीही उघडं होतं. वशिला कधी उपयोगी पडला असता तर तेव्हा. उलट १७ तारखेच्या तेजपूरच्या बैठकीनंतर पश्चिम टोकाचं त्सांगले धरून ठेवायचंच, असा आग्रह राहिला आणि आधीच ताणलेली ब्रिगेड आणखी ताणली गेली.

२० ऑक्टोबरला पहाटे पाचच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. सांगधरवर आपल्या दोन पॅरा (विमानातून टाकता येणाऱ्या) तोफा होत्या, त्यांनाही पहिल्या तासांतच गप्प केलं. एकट्या २ राजपूतचे २८२ जवान मारले गेले. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी दोन दिवसांनी पकडले गेले आणि मे १९६३पर्यंत चीनच्या कैदेत होते. या ब्रिगेडच्या कोअरचे कमांडर त्या सकाळी दिल्लीत आपल्या घरी, अंथरुणावर होते आणि कोअरची सूत्रं दुसऱ्या कुणाकडे दिलेली नव्हती. आजारी पडणं हा गुन्हा नाही. फोनवरून कोअर चालवायची परवानगी देणं आणि ती घेणं, हे मात्र मी माफ करू शकत नाही.

दप्तरदार

याला जोडून १७ नोव्हेंबरची रात्र.

२४ ऑक्टोबरला ले. जनरल हरबक्ष सिंग यांनी ४ कोअर घेतली होती. चारपाच दिवसांतच कौल परतले आणि हरबक्ष यांना हलवलं. ज्याला त्या जमिनीची जेमतेम ओळख झाली तोच बदलला. आता मुख्य ठाणं सेला खिंड, १३,७०० फूट, ६२ ब्रिगेडसह. मागे दिरांगला डिव्हिजनचं मुख्यालय, त्यामागे बोमडिलाला ४८ ब्रिगेड. सेला ही जागा लढवण्याजोगी होती. दारूगोळा आणि शिधा साठवलेला होता, समोरचा चढ आपल्या माऱ्यात होता. धोका एकच, बगलेतल्या पायवाटांनी येऊन चिन्यांनी मागचा रस्ता कापण्याचा. त्यांनी तेच केलं.

त्या संध्याकाळी डिव्हिजन कमांडर पठाणिया फोनवरून माघारीची परवानगी मागत होते. तेजपूरला थापर आणि सेन दोघेही हजर होते, पण निर्णय कोअर कमांडरने द्यायचा म्हणून थांबले. कोअर कमांडर नेफाच्या पूर्व टोकाला वालाँगकडे, फुटलेल्या ११ ब्रिगेडची माणसं हेलिकॉप्टरमधून शोधत होते. कौल अंधार पडल्यावर परतले. आधी माघारीचा हुकूम, मग तो फिरवला, मग असा हुकूम की ठाणं शक्य तितकं धरा, अशक्य झालं तर मागे या. असा हुकूम मिळालेला कमांडर काय करणार? 'अशक्य' कधी झालं हे त्यानेच ठरवायचं. १८च्या सकाळी दिरांगचं मुख्यालय उठलं. सेलाची ब्रिगेड मोर्चे सोडून रस्त्याला लागली आणि रस्त्यावरच कापली गेली. तिचे ब्रिगेडियर होशियार सिंग माघारीत मारले गेले. भरलेले साठे तसेच मागे राहिले.

कोअर कमांडरने कुठे असावं याचं उत्तर साधं आहे. जिथून दोन्ही आघाड्यांशी बोलता येईल तिथे. जवानांची काळजी म्हणून स्वतः हेलिकॉप्टरमध्ये बसणं मनाचा मोठेपणा दाखवतं, पण त्या वेळात शेकडो मैल पलीकडे हजारो माणसं एका होय-नाहीची वाट बघत होती.

पंचगंगा

कोल्हापूरकरांना या धाग्यात थोरातांचं नाव आलं नाही तर चुकल्यासारखं वाटेल. आणि ते केवळ गावचे म्हणून नव्हे.

ले. जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, जन्म १९०६, वडगाव. जानेवारी १९४५मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये तीन भारतीय पलटणप्रमुख होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी. एस. ओ. हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. पुढे थिमय्या लष्करप्रमुख झाले, थोरात पूर्व कमांडचे प्रमुख आणि त्यांच्यामागून त्याच खुर्चीत सेन. म्हणजे बासष्टला पूर्वेकडे लढाईचा अनुभव असलेली माणसं नव्हतीच असं नाही.

थोरातांनी ऑक्टोबर १९५९मध्ये नेफाच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. गाभा असा की मॅकमहोन रेषेवर, म्हणजे तिबेटच्या सीमेवर, फक्त सूचना देणाऱ्या लहान चौक्या ठेवायच्या, त्यांनी लढत लढत मागे यायचं. चिन्यांना आत, लांब पल्ल्यावर ओढायचं, त्यांची रसद ताणली गेली की बोमडिलासारख्या, आपल्या गाड्या पोचतात अशा जागी अडवायचं. मार्च १९६०मध्ये लखनौला 'लाल किला' या नावाने सरावात तो मांडूनही दाखवला. तवांग सुरुवातीला सोडावं लागेल हे त्यात उघड होतं. राजकीयदृष्ट्या ते कडू होतं आणि तिथेच तो अडकला.

थिमय्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती. मे १९६१मध्ये थापर झाले, थोरात निवृत्त झाले. एक प्रामाणिकपणे सांगायला हवं: ज्येष्ठता थापरांकडे होती, त्यामुळे थोरातांना डावललं हे नियमाच्या भाषेत बसत नाही. सल चौकशीविना फेकल्या गेलेल्या आराखड्याची आहे. नेमणूक बदलली तरी कागद टेबलावर राहू शकला असता.

मुंबईकरांसाठी आणखी एक. ११ एप्रिल १९६१ला लोकसभेत आचार्य कृपलानींनी संरक्षणमंत्री कृष्ण मेननवर बढत्यांतल्या मर्जीवरून कडाडून हल्ला केला होता. वर्ष संपण्याआधीच उत्तर मुंबईत दोघे समोरासमोर उभे राहिले आणि फेब्रुवारी १९६२मध्ये मेनन मोठ्या फरकाने निवडून आले. सैन्यातल्या गटबाजीचा प्रश्न तेव्हा मतदारांसमोर आलाच होता.

मेघना_स

पंचगंगा, गटबाजीबद्दल थोडं तपशिलात लिहाल का? माणेकशॉंच्या चौकशीचा कौलांशी संबंध जोडतात, तो कितपत?

दप्तरदार

मी लिहितो. १९५९ची कौलांची बढती थिमय्या-मेनन वादातला एक मुद्दा होती. ३१ ऑगस्ट १९५९ला थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला आणि त्या दिवसापासून लष्करप्रमुखाच्या शब्दाचं वजन घटलं. १९६१मध्ये माणेकशॉ वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना त्यांच्या बोलण्यावागण्यावरून चौकशी बसली. तेव्हा कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ होते आणि त्यांच्या गोटातूनच ही चौकशी निघाली असं सैन्यात उघड बोललं जाई. ले. जनरल दौलत सिंग यांच्या चौकशीत माणेकशॉ निर्दोष ठरले. २८ नोव्हेंबर १९६२ला ४ कोअर घ्यायला तेजपूरला गेले ते माणेकशॉच.

अशा वातावरणात व्यवहारात काय बिघडतं? ब्रिगेडियर जे खरं वाटतं ते लिहायच्या आधी, वाचणारा कोण आणि कुणाचा, याचा विचार करतो. अहवाल मऊ होतात. मधली पायरी ओलांडून थेट दिल्लीशी बोलण्याची सवय लागते. कौल नामका चूवरून लांबलचक संदेश पाठवत, त्यात पूर्व कमांडचा वाटा नावापुरताच राही. मग सेन स्वतःला जबाबदार मानत नाहीत आणि कुणीच मानत नाही.

पाऊलवाट

हा मुद्दा मान्य. साखळी तुटण्याचं पाप दोन्ही टोकांचं आहे, पण फायदा कौलांना मिळत होता.

अहवालाबद्दल विचारायचं होतं. तो पूर्ण कधी बाहेर आला का? आणि यशवंतरावांनी संसदेत नेमकं काय मांडलं?

घाटमाथा

पूर्ण नाही. हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेम भगत यांनी १९६३ला तो दिला. २०१४च्या मार्चमध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, सरकारने मात्र स्वतःहून आजवर तो खुला केलेला नाही.

थापर गेल्यावर जे. एन. चौधरी आले, मेनन गेल्यावर यशवंतराव चव्हाण. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण कौतुकाने म्हणतो, पण त्यांच्या कामाचा कस लागला तो २ सप्टेंबर १९६३च्या लोकसभेतल्या निवेदनात. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता आणि कमांडरांची कुवत, अशा पाच बाजूंनी त्यांनी निष्कर्ष मांडले. कुणाचं नाव न घेता एक गोष्ट स्पष्ट म्हणाले: ब्रिगेडच्या पातळीपर्यंत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, कमांडरांनी काम नीट केलं, उणिवा ठळक झाल्या त्या त्याच्या वरच्या पातळीवर. जवान आणि पलटणींवरचा ठपका पुसण्यासाठी हे वाक्य सभागृहात उच्चारलं जाणं फार गरजेचं होतं.

खेचरतळ

शेवटचा प्रश्न सगळ्यांना: दिल्लीने माघारीला मान्यता दिली असती, तर ७ ब्रिगेड कुठे असायला हवी होती? 'तवांगला' हे सोपं उत्तर आहे, पण ११ ऑक्टोबरला ते एकदम शक्य नव्हतं.

घाटमाथा

माझं उत्तर: हाथुंग ला आणि लुम्पू. धोलाला फक्त एक गस्त, वायरलेससह. हाथुंग लावर एक पलटण, खिंडीच्या दोन्ही खांद्यांवर. चिन्यांना मग नामका चू ओलांडून हजारो फूट चढत, उघड्यावरून यावं लागलं असतं. लुम्पूला माल टाकायचं मैदान सांगधरपेक्षा कितीतरी मोठं आणि खाली, तिथे पेटी पडली तर हाती लागते. तिथून नामका चूपर्यंतचे दोन दिवस आणि त्यासाठी लागणारे शेकडो भारवाहू वाचतात. रोजच्या ६ टनांतले निदान निम्मे तिथे नक्की पोचले असते.

खेचरतळ

सहमत, फक्त कारपो लाकडेही एक कंपनी हवी. ती वाट मोकळी ठेवली तर हाथुंग लाच्या पलटणीला वळसा पडतो. आणि कुऱ्हाडी आधी टाका, तंबू नंतर. १३,४०० फुटांवर झाडं नाहीत, ओंडके खालून चढवावे लागतील. एका खंदकाच्या छपराला आठ-दहा माणसांचा अख्खा दिवस जाईल. ११ ते २० ऑक्टोबर एवढेच दिवस हातात होते.